बाळूची बैलजोडी

"तुमच्या मुलाला ऑटिझम आहे," सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. असा माणूस आपल्यातच असतो, मनातलं दुसऱ्यापर्यंत पोचवणं त्याला जमत नाही. बाळू तेव्हा चांगला दाढीमिशांचा गडी झाला होता. गाव त्याला वेडाच म्हणायचं. मला हायसं वाटलं आणि रडूही आलं.

खरं तर मला विचारायचं होतं वेगळंच. आदल्या साली त्याचे वडील गेले. बाळू रडला नाही. मयतीच्या गर्दीत कानांवर हात ठेवून डुलत बसला. धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, त्येला काळीजच न्हाय." ते शब्द कुसळासारखे रुतले. घरात आम्ही दोघंच. ज्यांच्यासाठी मी झुरत होते, त्यांची याला आठवण तरी येते का, एवढंच मला कळायला हवं होतं.

कानांची तपासणी झाली. ईईजी झाला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. बाकड्यावर बसून माझी कंबर धरली. शेवटी बाई म्हणाल्या, "यावर गोळी नाही. हातांना आवडेल ते काम द्या. माती, रंग, काहीही. बोलत नाही म्हणून आत काही नाही, असं समजू नका." आमच्या गावाला, ईटला येईपर्यंत मी एसटीत धुसफुसत होते. एवढ्या लांब जाऊन सल्ला काय, तर मातीत खेळवा.

माती मात्र हवी तेवढी होती. दुष्काळात तळं आटलेलं, गाळ काढायचं काम चाललेलं. मी पाटीभर गाळ आणून भिजवला. बाळू दिवसभर मळत बसायचा. हळूहळू त्याला झोप लागू लागली. आमचे बैल चारा छावणीत होते, म्हणून पोळ्याला त्यानं केलेली मातीची जोडीच मी पाटावर मांडली.

कुंकू लावायला गेले तर बाळू किंचाळला. शेजारच्या घरातून जाऊ धावत आली. "आंगात आलंय त्येच्या, भगताला बोलवा." तोवर बाळूनं दोन्ही बैल उचलून बाजू बदलून ठेवले होते. एकाचं शिंग मोडकं होतं, आमच्या ढवळ्यासारखं. त्याचे वडील ढवळ्याला कायम डावीकडं जुंपायचे. मी, बैलांत जन्म गेलेली बाई, त्याला उजवीकडं मांडून बसले होते.

पुढं जागा नव्हती म्हणून मी निरांजन बैलांच्या मागं ठेवलं. त्यानं सरकवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकवलं. औत हाकणारा जिथं उभा राहतो, तेवढी जागा त्याला मोकळी हवी होती.

 मी मोठ्यानं रडले. बाळू त्या जागेकडं बघत डुलत राहिला. मी त्याच्याशेजारी बसले.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर त्याच्या हातांकडं बघा. बाळू बरा झाला नाही, होणारही नाही. त्यानं एकदा तरी आई म्हणावं, असं मला अजून वाटतं. पण डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्याच्या वडिलांची वाट बघणारी या घरात मी एकटी नव्हते.