वाटून घातलेले केस

आमच्या घरात बाईचा केस उंबऱ्याबाहेर जात नाही. फणीत आलेलं गुंतवळ आई बोटाला गुंडाळते, त्यावर थू थू करते आणि चुलीत टाकते. घरात गॅस आला तरी परसातली चूल तिनं एवढ्यासाठीच ठेवलीय, अशी मी तिची चेष्टा करायची. केस परक्याच्या हाती लागला की करणी होते, हे तिचं ठाम मत. मी कळंबला शाळेत विज्ञान शिकवते, पण या बाबतीत मला काही कळत नाही असं तिला वाटतं. अशा बाईनं गेल्या वर्षी आपले केस पाकिटात घालून पुण्याला पाठवायला होकार दिला. तिला तिची बहीण किती हवी होती, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

ही बहीण म्हणजे आईची धाकटी. बहात्तरच्या दुष्काळात आजी-आजोबा माकणी सोडून नळदुर्गाकडं खडी फोडायला गेले. धाकटी तीन वर्षांची आणि सारखी आजारी. कामाजवळच्या वस्तीवर एक कानडी लिंगायत कुटुंब राहायचं, त्यांच्याकडं खाण्यापुरतं होतं. पेरणीपर्यंत सांभाळा म्हणून पोर त्यांच्याकडं ठेवली. पेरणी झाल्यावर आजोबा आणायला गेले, तर ती माणसं कर्नाटकात कुठंतरी निघून गेलेली. आजोबा पुष्कळ हिंडले आणि शेवटी घरी येऊन बसले. आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती, आणि ती पोर तिच्याच कडेवर वाढलेली. आता त्या घरातलं आईशिवाय कुणी उरलेलं नाही; ती अजून माकणीतच राहते.

माझ्या भावाचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान आहे. कर्नाटकातला एक ट्रकवाला तिथं चाक बदलायला थांबला आणि बोलता बोलता म्हणाला, माझ्या आईलाबी दुष्काळात हितंच कुणीतरी ठेवून गेलं होतं. भावानं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून मला फोन लावला. पुढच्या रविवारी ट्रकवाला आपल्या आईला घेऊन माकणीला हजर झाला.

बाई पन्नाशीच्या पुढची, पण शुगरनं पार वाळून गेलेली. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मराठी तोडकंमोडकं. आईला बघताच ती "अक्का" म्हणाली. आता त्या मुलखात कुठल्याही थोरल्या बाईला अक्काच म्हणतात, हे मला माहीत होतं. तिला गाव आठवत नव्हतं, आईबाप आठवत नव्हते. आईनं मात्र तिचा हात धरला तो जेवणाचं ताट समोर येईपर्यंत सोडला नाही.

भावाला खात्री हवी होती. ट्रकवाल्यालाही. "उगं गळ्यात गळं घालून काय उपेग?" भाऊ म्हणाला. "एकदा तपासून टाकू, मग उद्या कुणी बोट दाखवाय नको." मी लगेच मान डोलावली. विज्ञानाची बाई ना मी!

पुण्याच्या डीएनए प्रयोगशाळेतला माणूस फोनवर म्हणाला, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवा. पण दोघींच्याही तोंडात सदा मिश्री. मग म्हणाला, केस चालतील, फक्त कापलेले नकोत. मुळासकट हवेत, टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली पाहिजे. उपटून घ्यायला आई काही केल्या तयार होईना. "जित्या माणसाचं केस उपटत्यात व्हय?" म्हणाली. शेवटी फणीतले निवडून घ्यायचं ठरलं. मी दोघींना पांढरी गाठ म्हणजे काय ते दाखवलं, दोन पाकिटं केली, हे तुझं, हे त्यांचं असं बजावलं आणि भाकरी टाकायला आत गेले.

आईनं बाईला ओसरीवर पुढ्यात बसवून घेतलं, डोक्याला तेल लावलं आणि विंचरायला घेतलं. आत मला दोघींचं हसणं ऐकू येत होतं. एकमेकींची भाषा धड कळत नसताना कशावर हसत होत्या देव जाणे. मी बाहेर आले तेव्हा दोन्ही पाकिटं भरून, चिकटवून तयार होती. मला फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी भावानं ती कुरिअरनं पाठवून दिली.

अहवाल मोबाईलवर आला. दोन्ही पाकिटांतले केस एकाच बाईचे आहेत, नात्याबद्दल काही सांगता येत नाही. मी तशीच एसटीत बसून माकणीला गेले आणि आईला विचारलं, काय केलंत तुम्ही त्या दिवशी?

"तिचं केस लई कमी गं," आई म्हणाली. "सारं डोस्कं विंचरलं तवा दोन-चार आलं, त्येलाबी तुझी ती पांढरी गाठ न्हवती. तिचं पाकीट अगदीच रिकामं दिसाय लागलं. मग म्या माझ्यातलं वाटून घातलं. धाकटीला कमी कसं द्यायचं?"

मी कपाळाला हात लावला. आई मात्र खुशीत होती. "मशीन काय म्हनलं? दोघी एकच म्हनलं न्हवं? मग झालं की!" मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

ट्रकवाल्याला हे समजावून सांगणं आम्हाला जमलं नाही. भावानं पाठवलेला अहवाल त्यानं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला होता. "माज्या आईचं केस तुमी टाकलंच न्हाई," तो भावाला म्हणाला. "नको असंल तर नको म्हना. गरिबाची थट्टा कशाला?" भावाचंही डोकं फिरलं. खोटं पाडतो म्हणजे काय, गरज त्याला आहे का आपल्याला, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी नंतर बऱ्याचदा फोन केले, पण ट्रकवाल्यानं उचलले नाहीत. त्याच्या गावी जाऊन यावं असं मनात आलं होतं. पण परीक्षा आल्या, मग निवडणुकीचं काम आलं. खरं सांगायचं तर, पुरावा हातात नसताना काय तोंड घेऊन जायचं, असंच मला वाटत होतं.

आईनं नागपंचमीला तिच्यासाठी लुगडं आणून ठेवलं. बहीण माहेराला येणार, तिला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं, म्हणाली. त्या दिवशी दारात गाडी वाजली की ती उठून बघायची.

दिवाळीनंतर ट्रकवाल्याकडून भावाच्या मोबाईलवर एक फोटो आला. बाईचा फोटो, त्याला हार, खाली कानडीत दोन ओळी. भाऊ दुकान बंद करून माकणीला आला. मीही होते. आईनं मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि उठून पाणी तापवायला ठेवलं. "बहीण गेल्यावर डोक्यावरनं पानी घ्यावं लागतंय," म्हणाली.

"आई, आजून तसं काय नक्की झालेलं न्हाई," भाऊ चाचरत म्हणाला. ती ऐकायला थांबली नाही.

न्हाऊन आल्यावर ती माझ्यासमोर बसली. "तू शिकलेली हायस. तू खरं सांग. आपलीच व्हती न्हवं ती?"

"होय आई, आपलीच होती," मी म्हणाले. त्या रविवारी दोघी ओसरीवर बसल्या होत्या, तेव्हा हे म्हणायला मला कुणी अडवलं होतं?

आईनं माझ्याकडं बघितलं. "मग आनली का न्हाई तिला?"