लाल दिवा आणि गुलाबराव

पॉवर हाऊसमधून रिटायर झालेल्या दोन माणसांना एका बाकावर बसवा आणि चहा सांगा. चहा येईपर्यंत ते बीपी-शुगरवर बोलतील. चहा आला की नाटकावर. नोकरीत आम्ही काय काय दुरुस्त केलं ते कुणाला आठवत नाही, पण स्टेजवर काय काय बिघडवलं ते सगळ्यांना पाठ आहे. मी ते सांगणार नव्हतो. पण परवा लग्नात गुलाबराव भेटला आणि म्हणाला, "तू सांग, मी सांगतलं तं लोकं मले हासतेत." म्हणजे सांगणं आलंच.

गोष्ट एकोणीसशे साठच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली. अकोल्याच्या आमच्या पॉवर हाऊसमध्ये एक हौशी नाटक मंडळ होतं. डायरेक्टर कानिटकर साहेब. पुण्याचे इंजिनिअर, बदली होऊन आलेले. माणूस सज्जन, पण माणसांपेक्षा वायरवर विश्वास जास्त. आमच्या पहिल्या नाटकात प्रॉम्प्टरची कुजबूज विंगेत कुणाला ऐकूच गेली नाही आणि पडदा भलत्या वेळी पडला. साहेबांनी तेव्हाच ठरवलं की यापुढे सगळं विजेवर.

त्यांनी एक फळी बनवली. फळीवर तीन बटणं. त्यांच्या वायरी विंगेत गेलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक छोटा दिवा. लाल पेटला की पडदा, पिवळा पेटला की बंदुकीचा बार, निळा पेटला की ढगांचा गडगडाट. साहेब फळी मांडीवर घेऊन बसणार, बटण दाबणार, आणि दिवा विझायच्या आत ज्याने त्याने आपलं काम उरकायचं. "यात चूक होऊच शकत नाही," साहेब म्हणाले.

पडदा गुलाबरावकडे होता. हा आमचा लाईनमन. बांबूचा गुंडाळी पडदा, त्याची दोरी खुंटीला बांधलेली. खुंटीवरून सोडली की पडदा खाली. पहिल्या तालमीला साहेबांनी बटण दाबलं. लाल दिवा लख्ख पेटला. गुलाबराव दोरीपासून दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. साहेब बटण दाबताहेत, हा आणखी मागे.

"अहो, पडदा!"

"साहेब, लाल दिवा म्हंजे लाईन चालू. चालू लाईनले हात लावून मले मराचं हाये का?"

वीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. लाल दिवा दिसला की त्याचे हात आपोआप मागे जायचे. त्याला पुष्कळ समजावलं. तो मान डोलवायचा आणि दिवा पेटला की मागे सरायचा. शेवटी साहेबांनी पडद्याला हिरवा दिवा लावला. पडदा धडाधड पडू लागला.

\*

बंदुकीचा बार आणि गडगडाट स्टोअरच्या बाबूभाईंकडे. पिवळा पेटला की पोटॅशवर दगड हाणायचा, निळा पेटला की पत्रा हलवायचा.

नाटकात मी डाकू आणि मनोहर इंगळे हिरो. मनोहर आमचा मीटर रीडर. उंच, देखणा, अबोल. अकोल्याच्या पहिल्या प्रयोगात त्याने माझ्यावर पिस्तूल रोखलं, चांगलं भाषण ठोकलं आणि चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. मी छाती पुढे काढून उभा. बार झाल्याशिवाय पडायचं कसं?

मनोहरने तिसऱ्यांदा चाप ओढून पाहिला, पिस्तूल खाली केलं आणि स्वतःच्या मनाने म्हणाला, "जा, तुला जीवदान देतो." मला बरं वाटलं. मी हात जोडले, पाठ फिरवली आणि विंगेकडे निघालो. तेवढ्यात आत धडाम झालं. सवयीने मी पडलो.

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "पाठीत मारलं बे त्यानं!"

आत जाऊन बाबूभाईंना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "दिवा पेटला तव्हा हातात चाय होती. गरम थी. मग खाली ठेवली अन् मारला. काम तो पूरा किया ना?"

\*

हे सगळं पहिल्या रांगेत बसून एक माणूस बघत होता. तो हसला नाही. ते वानखडे मास्तर.

मास्तरांची मुलगी सुशीला आमची हिरॉईन. अमरावतीला मुलींच्या शाळेत शिक्षिका. त्या काळात आमच्या भागात बायकांची कामं पुरुषच करायचे. कानिटकर साहेबांनी अमरावतीला जाऊन मास्तरांना गळ घातली, तेव्हा कुठे ती मिळाली. मास्तर रिटायर हेडमास्तर. खिशात साखळीचं घड्याळ. छप्पन साली दीक्षाभूमीवर सहकुटुंब गेलेले, आणि त्या दिवशीच काय, आधी-नंतरही कधी कुठे उशिरा न पोचलेले. त्यांच्या दोन अटी होत्या. प्रत्येक प्रयोगाला ते सोबत येणार, ही एक. दुसरी शेवटच्या प्रवेशाची.

शेवटी हिरॉईन हिरोला हार घालते असं होतं. मास्तर म्हणाले, "आमच्यात होम नाई, सप्तपदी नाई. वंदना झाली अन् हार घातला का लगन लागलं. नाटकात झालं तरी हार तो हारच. पोरीनं हार वर उचलला का पडदा पडला पायजे. गळ्यात पडाच्या आत."

आता खरी अडचण अशी की मनोहरला तो हार गळ्यात हवाच होता. तोही बौद्ध, त्याचे आईवडीलही राजी. तालमीत तो सुशीलाशी संवादापलीकडे एक शब्द बोलत नसे, पण ती आली की त्याचे कान लाल व्हायचे आणि तिचं पाठ असलेलं वाक्य चुकायचं. पहिल्या प्रयोगानंतर साहेबांनीच मास्तरांकडे शब्द टाकला.

मास्तरांनी घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. "साहेब, मी तीन तास पाहून राह्यलो. त्याची बंदूक येळेवर वाजत नाई, अन् वाजते तं पाठीत. ज्याले येळ साधत नाई, त्याले संसार काय साधनार?"

बार बाबूभाईंचा चुकला होता, हे मी सांगायला गेलो. मास्तर म्हणाले, "शाळेत पोट्टेबी असंच सांगतेत." मनोहर दोन दिवस जेवला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण गोळी खाल्ली होती मी आणि मेला होता तो.

\*

पुढचा प्रयोग मूर्तिजापूरला. चाय प्रकरणापासून बाबूभाईंनी दिव्यावरची नजर हटवायची नाही अशी कसम खाल्ली होती. ते डोळे फाडून निळ्या दिव्यासमोर बसले. नाटकात सुशीला हातात कंदील घेऊन हिरोची वाट बघते असा प्रवेश होता. तिने कंदील उचलला, त्याचा उजेड निळ्या काचेवर चमकला, आणि बाबूभाईंनी जिवाच्या आकांताने पत्रा हलवला.

सुशीला दचकली आणि कंदील खाली घेतला. गडगडाट थांबला. "आज आभाळ किती निरभ्र आहे," असं वाक्य म्हणत तिने पुन्हा कंदील उचलला. पुन्हा गडगडाट! चार वेळा असं झाल्यावर तिने कंदील फुंकून टाकला आणि उरलेला प्रवेश अंधारात केला.

त्याच प्रयोगात शेवटी मनोहर हारासाठी जरा वाकला, साहेबांनी बटण दाबलं, हिरवा दिवा पेटला आणि गुलाबरावने चोख वेळेवर पडदा सोडला. पडद्याचा बांबू थेट मनोहरच्या टाळक्यात. तो आडवा. हिरो मेला असं समजून पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या.

मास्तर निघताना एवढंच म्हणाले, "वाकाची इतकी घाई बरी नाई."

\*

मग धारणी. मेळघाटात आदिवासी गावांसाठी प्रयोग करायची साहेबांची हौस. जंगलखात्याच्या जीपमधून धक्के खात पोचलो. तिथे तेव्हा वीज नव्हती, म्हणून प्रयोग भर दुपारी. आणि वीज नाही म्हणजे दिवेही नाहीत. पॉवर हाऊसची सगळी माणसं एका आंब्याखाली डोकं धरून बसली.

शेवटी साहेबांनी युक्ती काढली. गुलाबरावच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधायची. दुसरं टोक साहेबांकडे. झटका बसला की पडदा.

साहेबांना नाटक रंगलं की विंगेत येरझारा घालायची सवय. पहिल्याच अंकात ती सुतळी त्यांच्या पायात अडकली. साहेब इकडे निघाले आणि तिकडे गुलाबराव एका पायावर उड्या मारत स्टेजवर आला! तोल सांभाळायला त्याने समोर दिसेल ते धरलं. समोर होती आमची कापडाची भिंत, लाकडी चौकटीसकट. भिंत झुकली. तिच्याखाली सुशीला जमिनीवर बसून धान्य निवडत होती.

मनोहरने झेप घेतली आणि भिंतीला पाठ लावली. गुलाबराव उड्या मारत परत गेला. भिंतीचा मागचा टेकू मोडला होता. मनोहर हलला असता तर सगळी चौकट सुशीलाच्या डोक्यात.

आणि प्रवेश होता हिरो शहरात निघून जातो, तो.

"जा आता, तुम्हाला उशीर होतोय," सुशीला म्हणाली. तिला मागचं काही दिसत नव्हतं.

"जातो," मनोहर म्हणाला आणि तिथेच उभा.

"जा ना."

"जातोय."

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

पुढे बसलेला एक म्हातारा कोरकू आदिवासी न राहवून उठला आणि सुशीलाला समजावून म्हणाला, "वो नहीं जाएगा, बाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंक संपेपर्यंत मनोहर तसाच उभा. पडदा पडल्यावर चौघांनी चौकट उचलली, तेव्हा खिळे रुतून त्याच्या सदऱ्यावर पाठभर रक्त होतं.

परतीच्या जीपमध्ये मास्तरांनी मला विचारलं, "तो भितीले पाठ लावून काहून उभा होता?" मी सांगितलं. मागचा टेकू कसा मोडला होता, तो हलला असता तर भिंत कुणाच्या डोक्यात पडली असती. परतवाडा येईपर्यंत मास्तरांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग त्यांनीच विषय बदलला. "हे दिवे-बटनं काय भानगड हाये?" मी त्यांना पहिल्या तालमीचा किस्सा सांगितला. लाल दिवा, चालू लाईन, पाठीमागे बांधलेले हात. मास्तर असे हसले की ड्रायव्हरने जीप थांबवली. सुशीला म्हणाली, बाबांना इतकं हसताना तिने प्रथमच पाहिलं.

मनोहर मागे पोटावर निजला होता. त्याला यातलं काही कळलं नाही.

\*

शेवटचा प्रयोग अमरावतीला, एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. साहेबांची बदली झाली होती, म्हणजे यानंतर नाटक नाही, आणि नाटक नाही म्हणजे मनोहर आणि सुशीलाची भेटही नाही. मास्तरांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. हॉल त्यांच्या गावातल्या माणसांनी भरला होता. मनोहरच्या आईवडिलांना त्याने मुद्दाम अकोल्याहून आणलं होतं. "पाहून तं घ्या तिले एकदा," म्हणाला, "मंग काय होते ते होते."

सामान उतरवताना हिरवा दिवा फुटला. अमरावतीच्या बाजारात रविवारी दुकानं बंद. साहेबांनी पेटीतला जुना लाल दिवा काढून लावला आणि गुलाबरावला बजावलं, "आज लाल पेटला की पडदा. लक्षात ठेवा."

"हावो साहेब," गुलाबराव म्हणाला.

त्या दिवशी काही म्हणता काही चुकलं नाही. बंदूक वेळेवर वाजली. मी छातीत गोळी खाऊन मेलो. ढग गडगडले ते पावसाच्या प्रवेशातच. आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागलो.

शेवटचा प्रवेश आला. मी मेलेला, त्यामुळे मोकळा होतो आणि गुलाबरावजवळ विंगेत उभा होतो. सुशीलाने दोन्ही हातांनी हार वर उचलला. साहेबांनी बटण दाबलं. लाल दिवा लख्ख पेटला.

गुलाबराव दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

हार वर. पडदा वर. साहेब पलीकडच्या विंगेत बटण बडवताहेत, दिवा उघडझाप करतोय, आणि तो पेटला की गुलाबराव आणखी मागे. मी त्याला कोपर मारलं, तर तो माझाही हात धरून मागे ओढायला लागला. मनोहर मान ताठ ठेवून उभा. वाकायची त्याची छाती नव्हती. सुशीला पेचात. हार खाली घेतला तर नाटक पडतं, पुढे नेला तर बापाचा शब्द मोडतो. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं.

मास्तरांच्या हातात घड्याळ होतं. त्यांनी त्याचं झाकण बंद केलं आणि ते खिशात ठेवलं.

तेवढ्यात गुलाबरावच्या डोक्यात उजेड पडला. "अरे बापा, आज तं लालच हाये," असं म्हणून तो खुंटीकडे झेपावला. त्याचा हात विंगेतून बाहेर आला, पार पहिल्या रांगेतून दिसेल इतका.

मास्तर उभे राहिले. हेडमास्तरचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"गुलाबराव, लाईन चालू हाये. दोरीले हात नोका लावू."