खंडेनवमीला पुजलेल्या फ्लॉप्या

भैंसा गावातल्या एका जिनिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर बसायचे. कापसाची गाडी काट्यावर आली की शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन छापून चिठ्ठी द्यायची, एवढंच काम. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, जुनं डॉस. पण बिचारं कधी अडलं नव्हतं. तर सेठ नागपूरला गेले, कुणाच्या तरी ऑफिसात रंगीत विंडोज बघून आले आणि हट्टालाच पेटले. "दसऱ्याच्या मुहूर्ताला नवं पायजे. नाई जमलं त पुन्हा हातानं चिठ्ठ्या. मंग तू घरी बस." आमच्या घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं.

मी शेतकऱ्यांची सगळी यादी दोन फ्लॉप्यांवर उतरवली, मशीनमधलं सगळं पुसलं आणि विंडोज चढवलं. यादी परत भरायची तेवढी राहिली, म्हणून आधी जेवायला गेले. तो दिवस खंडेनवमीचा. परत येते तर आमच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी तराजू, पाने-पकडी, कॉम्प्युटर, सगळं पुजून ठेवलेलं. माझ्या दोन्ही फ्लॉप्या पाटावर. पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या काळ्या चकतीला हळदीकुंकवाचं ओलं बोट!

"मुनीमजी, काय केलंत हे?" मी ओरडलेच.

"काऊन गं पोरी? तुहं हत्यारच हाय ना ते? वरून वरून पुजलं त आत का पोचन?"

मी कपाळावर हात मारला; दोन्ही फ्लॉप्या आता वाचल्या जाणार नव्हत्या. त्यात पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत शिवायचं नाही, म्हणून ते मला खुर्चीवर बसूही देईनात. दुसरी प्रत काढली नव्हती, चूक माझीच. पण राग सगळा त्यांच्यावर काढला.

दसऱ्याला उजाडताच त्यांनी पूजा उतरवली आणि स्टूल ओढून शेजारी बसले. "लिव," म्हणाले. गावामागून गाव, बापाच्या नावासकट सगळी माणसं तोंडपाठ! कोण वारलं, कुणाची वाटणी झाली, तेही. मधेच तंबाखू मळायला थांबत आणि माझा जीव खालीवर होई. मुहूर्ताचा नारळ फुटायच्या आत यादी पुरी झाली.

दिवाळीनंतर सेठनी मुनीमजींना कामावरून कमी केलं. नावं आता मशीनमध्ये होती, माझ्याच बोटांनी भरलेली. सांगायला लाज वाटते, पण घरी बसायची पाळी माझ्यावर आली नाही म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं.