रेघेबाहेरचं घर

कल्याणच्या खाडीकाठी कोळीवाड्यात ठमाबाई राहत असे. नवरा गेल्यावर मासळी विकून तिने एकटीने संसार ओढला. पाण्याचं तिला चांगलं कळे. १९८८ साली एका संस्थेची नीला पुराचं काम घेऊन वाड्यात आली, तेव्हा लोकांनी तिला ठमाबाईकडेच धाडलं.

नीला डोंबिवलीची, पंचविशीतली. पाच महिने ती ठमाबाईबरोबर घरोघर फिरली, भिंतींवर पूर कुठवर चढला होता ते टेपने मोजत राहिली. ठमाबाईच्या ताटात जेवली, तिला मावशी म्हणू लागली. मग देवळात बैठक झाली. संस्था एकच गोष्ट करून देणार होती: धोक्याचा भोंगा, खाडीत पातळी दाखवणारे रंगवलेले खांब, नाहीतर पुराचा नकाशा. बायकांना भोंगा हवा होता. नीलाचं म्हणणं पडलं, की भोंगा वाजून थांबतो. नकाशा सरकारदरबारी राहतो, त्याच्या जोरावर बंधारा मागता येतो. ठमाबाईला ते पटलं. तिने एकेकीची समजूत घातली आणि नकाशा ठरला.

दोन वर्षांनी बंधारा नाही, नोटिसा आल्या. नकाशात पुराची हद्द दाखवणाऱ्या लाल रेघेच्या आतली एकवीस घरं राहायला अयोग्य, ती विठ्ठलवाडीच्या पलीकडे हलवायची. शेजारच्या खाजणात, खाडीलगतच्या मोकळ्या दलदलीत, दर पावसाळ्यात कमरेएवढं पाणी भरे, पण नकाशात ते कोरं होतं. तिथे इमारतींसाठी भराव पडू लागला. ठमाबाईला मात्र नोटीस नव्हती. शेजारच्या शकूने सगळ्यांसमोर विचारलं, की तू त्या पोरीकडून काय घेतलंस.

ठमाबाई तडक डोंबिवलीला गेली. खाजण संस्थेतल्या वरच्या साहेबांनी कोरं करायला लावलं, सही आपलीच आहे, हे नीलाने मान खाली घालून कबूल केलं. मग म्हणाली, “मावशी, तुमचं घर तेवढं मी रेघेबाहेर काढलं. तेवढंच माझ्या हातात होतं.”

“पाणी पयलं माज्याच घरात शिरतं, पोरी. तुला ठावं होतं. आता वाड्याला मी काय सांगू?”

नीलाने चहा पुढे केला. ठमाबाईने तो घेतला नाही.

घरं पाडली त्या दिवशी ठमाबाईने स्वतःच्या शाबूत घराला कुलूप लावलं आणि इतरांबरोबर टेम्पोत चढली. नव्या वस्तीत तिने शकूच्या शेजारीच खोली घेतली. तीन वर्षं शकू तिच्याशी बोलली नाही. पुढे बोलू लागली, तेही गरजेपुरतंच.