नामूतात्यांचा चिमटा

नामूतात्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी हात मागे बांधावे लागत. "हात मागं, गुरुजी," ते म्हणायचे, तेही मान वर न करता. आयुष्यभर पोरांना हाताची घडी घालायला लावणारा मी, वडूजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिक्षा झाल्यासारखा उभा राहायचो.

करवतीचं टेबल त्यांनी घरीच केलेलं. विहीर आटल्यावर पडून राहिलेली मोटार लोखंडी सांगाड्याखाली बसवली, वर प्लायवूड ठोकलं आणि खाचेतून गोल पातं वर काढलं. देव्हाऱ्याच्या कमानी, बोटभर खांब, जाळीच्या पट्ट्या ते त्यावर कापत. पण वितीहून लहान तुकडा त्यांनी हातात धरलेला मी कधी पाहिला नाही. त्यासाठी हातभर लांबीच्या दोन फळ्यांचा, मध्ये बोल्ट घातलेला चिमटा होता. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर डकवलेलं. तुकडा त्यात आवळायचा, हलवून बघायचा, पुन्हा आवळायचा आणि मगच पात्याकडे सरकवायचा. "लाकूड परत मिळतंय, बोट न्हाई," हे दिवसातून दहादा. घाईचं गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "मग दुसरीकडं जावा की."

माझी जीभ जरा सैलच. एकदा थट्टेनं म्हणालो, "तात्या, दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून पिताय होय?" त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी मोटार बंद केली. "दूध मी तापवलं, गुरुजी. तोंड तिचं पोळलं."

ती म्हणजे त्यांची बायको, हौसाकाकी. चिमटा नव्हता तेव्हा लहान तुकडा पलीकडून त्याच धरायच्या. लग्नसराईत देव्हाऱ्यांची घाई होती. काकी म्हणाल्या, "आवं, तुकडा थरथरतोय, थांबा जरा." तात्या म्हणाले, "दाबून धर, काय हुत न्हाई." उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्याच आठवड्यात तात्यांनी चिमटा केला. करायला अर्धा दिवस लागला.

"अर्धा दिस, गुरुजी," ते म्हणाले. "तिनं एक शिवी द्यावी म्हणून वाट बघतोय. देत न्हाई. वर 'जेवला का' म्हणून इचारती."

गेल्या वर्षी काकी काविळीनं गेल्या. शिवी राहिली ती राहिलीच. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारच्या आक्का तात्यांसमोर बसून काकींच्या आठवणी काढत होत्या.

"आमच्यात बसली की तिचा हात उघडाच असायचा, तात्या. त्याच हातानं भाकरी थापायची, टाळ्या देऊन हसायची. तुमी दारात दिसला की पदराखाली न्यायची. मी एकदा इचारलं, तर म्हणाली, 'त्यांस्नी दिसला की जेवत न्हाईत.'"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठवेना.

"मला वाटायचं, रागानं झाकती," तात्या म्हणाले. "म्हणून मी कवा इचारलंच न्हाई."