अक्कांचा पाट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला ऑफिसात होतो. जळगावला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिथे पिंप्राळ्यात आमची घरं शेजारीशेजारी. त्या विधवा, एकट्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाट भिंतीला टेकवलेला दिसला… आणि कमला आठवली.

कमला म्हणजे कॉलनीच्या नेपाळी गुरख्याची बायको. टाकीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. पहिलटकरीण, मराठीचा गंध नाही, आई डोंगरांपलीकडे. अक्का तिला रोज दुपारी जेवायला बोलवायच्या, दवाखान्यात सोबत जायच्या. सातव्या महिन्यात तिची ओटी भरायचं त्यांनी ठरवलं. विधवेनं ओटी भरायची नाही, म्हणून माझ्या बायकोला बोलवायला आल्या. मीच दारात म्हणालो, "अक्का, आज गुरख्याची, उद्या भांडीवालीची. कुठवर करणार?"

"तिनं माहेर दूर शे रे भाऊ," त्या हसल्या. "नारळच तं घालना शे, तुन्हं घर नही मांगस मी."

माझ्या बायकोला मी जाऊ दिलं नाही. कॉलनीतल्या इतर बायकाही गेल्या नाहीत. शेवटी अक्कांनी कमलाला त्या पाटावर बसवलं आणि स्वतःच ओटी भरली.

मूल मेलेलं जन्मलं. अंगात रक्त कमी आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण नळावर बायका म्हणाल्या, "विधवेचा हात लागला, दुसरं काय व्हायचं?" हेच माझ्या घरातही बोललं गेलं. मी पेपर वाचत राहिलो.

कमला मराठी शिकली ती त्याच नळावर. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा अक्का मेथीचे लाडू घेऊन गेल्या, तर ती दारात आडवी उभी राहिली. "अक्का, हात नका लावू… सगळे बोलतात." तिच्या गावी काय मानतात, मला ठाऊक नाही. पण त्याच हातचं ती महिनोन्‌महिने जेवली होती. तो हात वाईट, हे तिला आम्ही शिकवलं. परक्या मुलखात आलेल्या पोरीला आमच्या कॉलनीनं दिलं ते एवढंच.

डबा उंबऱ्याबाहेर ठेवून अक्का परतल्या. फाटकाशी मला पाहून थांबल्या. "मना हातमां जहर शे का रे, भाऊ?"

"सोडा ना, अक्का," मी म्हणालो.

पुढे मला मुलगी झाली. तिला दाखवायला नेलं, तर अक्कांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. लांबूनच पाहिलं.

तो पाट मी आणलाय. पुढच्या महिन्यात माझ्या भावजयीची ओटी आहे. पाट पाहताच बायको म्हणाली, "हा नको." मी त्यावर जेवायला बसतो. घरात दुसरं कुणी बसत नाही.