किल्ल्यासमोरचा आठवा फोटो

अगं, अशी जवळ बस बघू. लांबूनच ‘हो आजी, हो आजी’ करू नकोस. त्या मोबाईलमध्ये माझे ढीगभर फोटो काढतेस आणि एकही धड बघत नाहीस! माझा एकच फोटो गेला, त्याची रुखरुख अजून आहे मला.

लढाईचे दिवस होते. हे, म्हणजे तुझे आजोबा, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या गोऱ्या हेडमास्तरांकडे विलायतेतल्या उन्हाळ्याचे फोटो होते. शहरातले कालवे, हिरवी कुरणं, काठाकाठाने फिरणारी माणसं. ते बघून ह्यांनी त्यांचा ठोकळ्यासारखा कॅमेराच मागून आणला. म्हणाले, “आपल्या नगरलाही पाण्याची वाट आहेच की!” मग मेच्या सुट्टीत रोज सकाळी आम्ही कापूरवाडीकडून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या खापरी नळाच्या कडेने चालायचो. हिरवं कुठलं, नुसती ढेकळं नि बाभळी. रीळ एकच, फोटो आठ. सात नळाचे झाले, आठवा माझा. मी पदर सारखा करून उभी राहिले. खटका वाजला, आणि मागे वळून बघते तर किल्ला! आत इंग्रजांनी देशाचे मोठे पुढारी डांबलेले, तिकडे कॅमेरा रोखायची सक्त मनाई.

तेवढ्यात सायकलवरून शिपाई आला.

“काय मास्तर, हितं फोटू काढाया बंदी हाय, ठावं न्हाई व्हय?”

“बायकोचा काढत होतो हो.”

“का, घरात दिसत न्हाई व्हय बायकू?”

हसला मेला, पण नाव लिहून घेतलं. “दुपारी कॅमेरा घिऊन चौकीत या.”

घरी आल्या आल्या हे हेडमास्तरांना सांगायला धावले. कॅमेरा माझ्यासमोर. फोटोत किल्ला आला असेल तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. उजेडात कॅमेरा उघडला की सगळं जळतं, हे ह्यांनीच सांगितलेलं. मी अंगणात गेले, भर उन्हात मागचं झाकण उघडलं, दहा आकडे मोजले, बंद केलं. ह्यांच्या सगळ्या सकाळी मी जाळल्या असं वाटून रडले. ह्यांना मात्र बोलले नाही.

फौजदाराने रीळ धुवायला पाठवलं. दोन दिवस सायकलची घंटी वाजली की मी दाराच्या फटीतून बघायची. ह्यांना घास जाईना.

तिसऱ्या दिवशी हे चौकीतून हसत आले. “फौजदार म्हणतो, मास्तर, सुट्टीत गटारांचे फोटो कसले काढत फिरता!”

सात फोटो वाचले होते. ते आधीच घट्ट गुंडाळले गेलेले, म्हणून कडेलाच काय ते पांढरे पट्टे आले. आठवा पुढे फिरवायचा राहिलेला, तो कोरा. “नेमका तुझाच खाल्ला या डबड्याने,” असं हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि मी ऐकत राहिले. पुढे रीळही मिळेना. ह्यांनी काढलेला माझा फोटो तो एकच, तोही नाही.

म्हणून म्हणते, पुढच्या खेपेला उशीर लावू नकोस. सकाळची ये, मला रिक्षाने तिथवर ने. मी पदर सारखा करून उभी राहीन. मागे किल्ला येऊ दे आता खुशाल.